विचारा भोसरीच्या दिवेवाल्याला

(ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि रस्त्यावर काम करणाऱ्या गाड्यांचे इशारा-दिवे बनवण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, ते आमचे सदरलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी कराडजवळ ॲम्ब्युलन्स चालवतो. मालकांनी टपावर नवा एलईडी लाइटबार, म्हणजे इशारा-दिव्यांचा पट्टा, बसवला. जुन्यापेक्षा दुप्पट उजेड आहे. पण रात्री हायवेवर अपघाताच्या जागी थांबलो की मागून येणाऱ्या गाड्या अगदी अंगावर येऊन ब्रेक मारतात. आमचा मदतनीस दोनदा थोडक्यात वाचला. मिस्त्री म्हणतो, मागं आणखी दोन दिवे लावू. लावावेत का?

नका लावू, भाऊ. आहेत तेच कमी करायचेत.

ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून ठामपणे सांगतो. एलईडी नवीन होते तेव्हा मीही जितका जास्त उजेड तितकं चांगलं असं समजून बार बनवले. एका गिऱ्हाइकानं, तोही तुमच्यासारखा ड्रायव्हरच, मला रात्री साडेअकराला घाटात नेलं. गाडी कडेला उभी केली, बार चालू केला आणि म्हणाला, "आता शंभर पावलं मागं जा आणि माझ्याकडं चालत या." मी निघालो. समोर नुसता निळा-पांढरा भडका. तो चमकपट्ट्यांचं जाकीट घालून गाडीच्या मागच्या दाराशी उभा होता, आणि मला दिसला वीसएक पावलांवर आल्यावर. मी चालत होतो म्हणून ठीक. ऐंशीच्या वेगात ट्रक असता तर? त्या रात्री घरी येऊन जेवण गेलं नाही.

उन्हात दिवा दिसायला जोर लागतो. रात्री डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, आणि तोच जोर आंधळं करतो. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, सरावलेला डोळा बिघडायला एक चमक पुरते. म्हणून बारला दिवस-रात्र असा फरक हवाच. तुमच्या बारमधून एखादी जादाची बारीक वायर मोकळी सोडलेली आहे का, ते कागदावर बघा. बऱ्याच बारना मंद करण्यासाठी ती दिलेली असते आणि बसवणारा टेप गुंडाळून ती आत खुपसून टाकतो.

दुसरं म्हणजे पळणारी गाडी आणि उभी गाडी वेगवेगळं बोलतात. पळताना सांगायचं असतं, "वाट द्या." उभं असताना, "इथं अडथळा आहे, हळू या." अमेरिकेतल्या अग्निशमन गाड्यांच्या मानकात या दोन वेगळ्या अवस्था धरल्यात, आणि उभ्या गाडीचे पांढरे इशारा-दिवे बंद ठेवायला सांगितलंय. आपल्याकडे गाडी थांबली तरी सगळा गणपती-मंडळाचा देखावा चालूच.

यावर स्वस्त इलाज आहे. पाच पायांचा साधा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, घ्या. पांढऱ्या दिव्यांची लाइन त्याच्या एरवी जोडलेल्या संपर्कातून न्या आणि रिलेच्या कॉइलची अर्थिंगची वायर हँडब्रेकच्या स्विचवरून द्या. हँडब्रेक ओढला की पांढरे आपोआप बंद. कॉइलचा पुरवठा मात्र चावीच्या लाइनवरून घ्या, थेट बॅटरीवरून घेतलात तर उलटा करंट डॅशबोर्डच्या दिव्यातून फिरून रिले उगाच ओढला जातो. गाडी नव्या पिढीची, कॉम्प्युटरवाली असेल तर त्या वायरीला हात लावू नका. साधा वेगळा स्विच द्या आणि त्यावर 'उभी' असं रंगवा.

लुकलुकण्याचा पॅटर्नही बदला. बाजारातल्या बारवर दोन-दोन डझन पॅटर्न असतात, त्यातले बहुतेक नुसती करामत. युरोपच्या नियमात सेकंदाला दोन ते चार वेळा लुकलुकणं बसतं, उभ्या गाडीला मी दोनच्या आसपास ठेवतो. जुना फिरता बीकन आठवतो का? आतला बल्ब स्थिर, भोवती आरसा फिरायचा, आणि उजेड हळूच चढून हळूच उतरायचा. मागच्याला गाडी नेमकी कुठं आहे हे त्यातून कळायचं. एलईडी एकदम पेटतो, एकदम विझतो, आणि मधल्या काळोखात गाडी डोळ्यांपुढून नाहीशी होते. म्हणून मी आता एलईडीलाही तसं चढ-उतार करायला लावतो. आणि हो, थांबल्यावर हेडलाइटही बंद करा, समोरून येणाऱ्यालाही डोळे आहेत.

प्रश्न : मी सांगलीत डिप्लोमाला आहे. निळा दिवा धुक्यातून लांब दिसतो म्हणून ॲम्ब्युलन्सला निळा असतो, असं आमचे सर म्हणाले. खरं आहे का?

सरांना माझा नमस्कार सांग, पण धुक्याचं कारण बरोबर नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात. त्यांना निळा काय, लाल काय, सगळे सारखेच. आभाळ निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे, तो वेगळा हिशेब.

खरं कारण डोळ्यात आहे. दिवसा आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी-हिरव्याला सगळ्यात तिखट असतो. काळोखात दुसऱ्या पेशी काम करतात, त्यांचा कल 500 च्या आसपास, निळसर बाजूला. लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. दोनशे वर्षांपूर्वी पुर्किनये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे टिपलं. तू घरी बघ. तिन्हीसांजेला जास्वंदीच्या झाडाजवळ दहा मिनिटं बस. दिवसा पेटलेलं फूल आधी काळं पडतं, पानं मात्र करडी का होईना, दिसत राहतात.

शिवाय रात्री रस्ता आधीच लाल असतो. टेललाइट, ब्रेकलाइट, सिग्नल, परमिट रूमची पाटी. त्यात आणखी एक लाल कोण बघतो? पण भर दुपारी लाल चांगलं काम करतो, म्हणून बारवर दोन्ही ठेवतात.

मग जुन्या काळी निळे कमी का होते? साध्या बल्बच्या उजेडात निळा मुळात थोडाच, आणि निळी काच बाकीचा सगळा उजेड गिळायची. एलईडी स्वतःच निळा निघतो, काचेवर काही वाया जात नाही. निळ्याचा एक दोष मात्र लिहून ठेव. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूत निळं टिपणाऱ्या पेशी नसतात, आणि निळा उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नीट जुळतही नाही. म्हणून निळा दिवा पसरट दिसतो आणि त्याच्या अंतराचा अंदाज चुकतो. प्रोजेक्ट करणार असलास तर यावर कर.

प्रश्न : बोगद्यात शिरताना मी पार्किंग लाइट म्हणजे चारही इंडिकेटर लावते. माझा मुलगा चिडतो. कोण बरोबर? (नवी मुंबई)

मुलगा, ताई. चारही लुकलुकत असतील तर तुम्ही लेन बदलताय की सरळ जाताय, मागच्याला कळणार कसं? चालत्या गाडीला हेडलाइटचा लो बीम पुरे. चारही इंडिकेटर गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली तर.

प्रश्न : बारवर आयपी 67 लिहिलंय, तरी पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी. फसवणूक झाली का? (रत्नागिरी)

कदाचित नाही. 67 म्हणजे धूळ शिरणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. पण त्या परीक्षेत प्रेशरच्या पाइपनं गाडी धुणं येत नाही. आणि कोकणातली खरी अडचण वेगळीच आहे. तासभर चालून बार तापतो, वरून गार सर पडते, आतली हवा आकसते आणि जिथं फट मिळेल तिथून पाणी ओढून घेते. यासाठी बारला खालच्या बाजूला नखाएवढं श्वासाचं भोक असतं, आतून पातळ पडदा लावलेला. हवा जाते, पाणी जात नाही. तुमच्या मेकॅनिकनं पाणी शिरू नये म्हणून त्यावरच सिलिकॉन थापलं असेल, दहातल्या आठ बारमध्ये मला तेच सापडतं. ते खरवडा. पडदा फाटला असेल तर नवा लावून घ्या. वायर बारमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल.

प्रश्न : आमच्या काळ्या एसयूव्हीला पुढच्या जाळीत लाल-निळे दिवे लावायचेत. मामा सरपंच आहेत. खर्च किती येईल?

माझ्याकडून होणार नाही. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा लाल दिवे उतरले, मामा तर त्यांच्याही खालचे. त्या महिन्यात उतरवलेले काही लाल घुमट माझ्या फळीवर अजून पडलेत, आम्ही त्यात स्क्रू आणि वॉशर ठेवतो. मामांना हवा असेल तर एक फुकट देतो, आत बल्ब नाही.