परिशिष्टापासून वाचायला शीक

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. कापडी पिशव्या वापरून आणि दिवे बंद करून नक्की काय साधतं, असं तू वैतागून विचारलं आहेस. थोडंफार साधतं, म्हणून सोडू नकोस. पण सगळा जीव त्यातच आटवू नकोस. त्याहून मोठं काम तुझ्या हातून होऊ शकेल. ते बरंच रटाळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

धूर दिसेनासा झाला की प्रदूषण मिटलं, असं आपल्याला वाटतं. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. आज सोडलेल्यातला मोठा भाग समुद्र आणि झाडंझुडपं यथावकाश शोषून घेतात, उरलेला काही हिस्सा मात्र हजारो वर्षं हवेतच राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतल्या दहा लाख रेणूंमागे याचे साधारण २८० रेणू होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ या पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर. खर्च करणारे निघून जातात, खातं पुढच्यांच्या नावावर चालू राहतं.

हे सगळ्यांना ठाऊक असूनही निर्णय तसेच का होतात? लोक दुष्ट असतात म्हणून नव्हे. बऱ्याचदा निर्णय प्रकल्पाच्या अहवालाच्या शेवटच्या पानांवरच, कुणी न वाचलेल्या एका आकड्यात होऊन गेलेला असतो. त्याला डिस्काउंट रेट म्हणतात: भविष्यातल्या नफ्या-तोट्याची आजची किंमत काढताना दर वर्षामागे तो किती टक्क्यांनी कमी धरायचा, तो दर. समज, आज उभारलेल्या प्रकल्पामुळे शंभर वर्षांनी १,००० रुपयांचं नुकसान होणार आहे. ते टाळायला आज किती खर्चावं? दर ५ टक्के धरला तर उत्तर येतं ८ पेक्षाही कमी. १.४ टक्के धरला तर जवळजवळ २५०. नुकसान तेच, ते सोसणारी माणसंही तीच. कॅल्क्युलेटर घे आणि स्वतः करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

१.४ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामान बदलाच्या अर्थकारणावरच्या २००६ च्या अहवालात साधारण एवढाच दर होता, आणि अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर कडाडून टीका केली. बाजारात गुंतवणुकीवर मिळणारा परतावा याहून बराच जास्त असतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पुढची पिढी आपल्याहून श्रीमंत असणार असेल, तर आजच्या गरिबाने तिच्यासाठी पोटाला चिमटा का घ्यावा, हा प्रश्नही झटकून टाकण्यासारखा नाही. पण ती श्रीमंत असेलच, हे गृहीत धरूनच गणित सुटतं ना? आणि केवळ उशिरा जन्माला आले म्हणून कुणाचं सुखदुःख कमी लेखणं नीतीला धरून नाही, हे ब्रिटिश गणिती आणि तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्झी १९२८ मध्येच सांगून गेला. मी त्याच्या बाजूचा.

कायद्यातही हा विचार हळूहळू शिरतो आहे. २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तिथल्या हवामान कायद्यातल्या काही तरतुदी घटनेशी विसंगत ठरवल्या. २०३० पर्यंत ढिलाई दिली की कार्बन कपातीचा भार त्यानंतरच्या वर्षांवर कोसळतो आणि आजच्या तरुणांच्या स्वातंत्र्यावर टाच येते, असा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. त्याच वर्षी सरकारने २०३० चं लक्ष्य १९९० च्या तुलनेत ५५ वरून ६५ टक्के कपातीवर नेलं.

म्हणून सांगतो, नोकरी निवडताना ‘हरित’ पाटी बघून हुरळून जाऊ नकोस. जिथे दीर्घकाळ टिकणाऱ्या गोष्टी ठरतात तिथे जा: वीजकेंद्रं, रस्ते, इमारतींचे नियम, कर्जाची मंजुरी. कोळशावरचं केंद्र एकदा उभं राहिलं की चाळीस-चाळीस वर्षं चालतं, मग घोषणा कितीही द्या. तिथल्या बैठकीत दोनच प्रश्न विचार: हे किती वर्षं चालणार, आणि दर किती धरलाय? पहिल्यांदा लोक कपाळाला आठ्या घालतील. दुसऱ्या वेळी कुणीतरी उत्तर तयार ठेवून येईल.

अर्थशास्त्र रुक्ष वाटतं, हे तुझं जुनं रडगाणं मला माहीत आहे. तरी एखाद्या प्रकल्पाचा अहवाल हाती लागला की पाठवून दे. आपण परिशिष्टापासून वाचायला घेऊ.

तुझा,
जुना शिक्षक