दुरुस्तीच केली ना, मग गुन्हा कसा?

प्रश्न : भुसावळला माझं मोबाईल आणि घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझ्या साडूंचा मुलगा काही वर्षं मँचेस्टरला नोकरीला होता, दिवाळीत परत आला. येताना व्हेपचे (ई-सिगारेटचे) तीन टँक, म्हणजे तिच्यातला द्रव भरायच्या छोट्या टाक्या, घेऊन आला. कंपनीने ते बनवणं बंद केलंय, त्यामुळे काच कुठेच मिळत नाही. एकाला तडा गेला होता. तो मी एपॉक्सी भरून जोडून दिला आणि तीनशे रुपये घेतले. उरलेले दोन माझ्या दुकानात पडून आहेत. त्यांना नवी काच बसवायची म्हणून बाहेरच्या वेबसाइटवरून वीस नळ्या ‘लॅब ग्लास’ असं नाव देऊन मागवू, मित्रांचंही काम मिळवून देतो, असं तो म्हणतो. मी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं होतं, ‘व्हेप टँकची काच दुरुस्त करून मिळेल.’ शेजारच्या दुकानदाराने त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि आता पोलिसांत देतो म्हणतो. विक्रीला बंदी आहे हे ऐकून होतो, पण मी विकलं काहीच नाही. टँक तसेच परत दिले तर साडूंच्या घरी वाईट दिसेल. मन्हं काय चुकनं भाऊ?

उत्तर : भाऊ, कलमांचं नंतर बघू. आधी त्या मुलाला फोन करा आणि एपॉक्सीने जोडलेला टँक वापरू नकोस म्हणून सांगा. आजच सांगा.

तुमच्या हातात कसब आहे, म्हणूनच हे तुम्हाला पटेल. मोबाईलच्या काचेला लावतो तो बी-7000, यूव्ही गोंद किंवा दोन ट्यूबांचं एपॉक्सी, यातलं काहीही गरम वाफ छातीत ओढायच्या वस्तूसाठी बनवलेलं नाही. टँकमधला द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन. तो दिवसरात्र त्या सांध्याला लागून राहतो, आणि शेजारीच त्या द्रवाची वाफ करणारी कॉइल तापत असते. साधं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. नीट न सुकलेलं एपॉक्सी नुसत्या कातडीलाही त्रास देतं. त्यात आपला भुसावळचा मे महिना! पत्र्याखालच्या दुकानात किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ठेवलेली वस्तू कॉइल न पेटवताही तापते. सांधा सुटला की निकोटिनचा द्रव हाताला लागतो, कातडीतून शरीरात जातो, आणि खाली बॅटरीत उतरला तर शॉर्ट होऊन ती पेटू शकते. घरात लहान मूल असेल तर सांडलेला द्रव त्याच्या जिवावर बेतू शकतो. काचेचा तडा गोंदाने झाकला जातो, काच सांधली जात नाही. जिथे ही वस्तू कायद्याने चालते तिथेही तडकलेली नळी काढून टाकतात आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची मोजून त्याच मापाची नवी नळी नव्या ओ-रिंगसह (रबरी कडीसह) बसवतात. तशी नळी मिळत नसेल तर टँक टाकून देतात. प्लास्टिकच्या टँकचं तर त्याहून अवघड. दालचिनी किंवा लिंबूवर्गीय फ्लेवरने काही पारदर्शक प्लास्टिक आतूनच तडकतं, त्यामुळे एक तडा बुजवला तरी शेजारी दुसरा जातो.

मुलगा ब्रिटनचं उदाहरण देत असेल, तर तेही पूर्ण ऐका. युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशाने टँकची क्षमता 2 मिलीलिटरवर आणली, आणि वस्तू फुटण्या-गळण्यापासून सुरक्षित हवी अशी अटही घातली. ब्रिटनने 2016 पासून हेच नियम लागू केले. तिथलं सरकार या वस्तूला परवानगी देतं, पण गळक्या टँकला देत नाही.

आता आपल्या देशातलं. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकुमाने बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. लोक त्याला ‘विक्रीबंदी’ म्हणतात, पण कलम 4 विक्रीपाशी थांबत नाही. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सगळं त्यात आहे. तुमच्या कामाचे शब्द त्याच्या पुढे आहेत : पूर्ण वस्तू असो वा तिचा कोणताही भाग. टँक हा भाग आहे. टँकमध्ये बसवण्यासाठी मापाने कापलेली काचेची नळीही भागच ठरेल. कंदिलाच्या काचेला कोणी हात लावणार नाही, पण तीच काच व्हेपच्या मापाला कापून बसवली की तिचं काम बदललं.

‘मी दुरुस्ती केली, बनवलं नाही’ हा तुमचा मुद्दा पोकळ नाही, आणि वेळ आली तर मीही तो कोर्टात मांडेन. ‘दुरुस्ती’ हा शब्द बंदीच्या यादीत नाही. उत्पादन म्हणजे नवी, वेगळी वस्तू निर्माण होणं, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली क्लॉथ मिल्सच्या निकालात अबकारी कराच्या संदर्भात 1962 मध्येच स्पष्ट केलेलं आहे. फुटलेल्या काचेला गोंद लावल्याने नवी वस्तू जन्माला येत नाही. पण त्या ओट्यावर फार वेळ बसता येणार नाही. कारण 2019 च्या कायद्याने उत्पादनाची स्वतःची व्याख्या दिली आहे. तिच्यात वस्तू किंवा तिचा भाग बनवणं आणि जुळवणं येतं, शिवाय त्याला जोडून होणारी पूरक प्रक्रियाही येते. सरकारी वकील याच शब्दांवर बोट ठेवतील.

म्हणून तुमच्या तीन गोष्टी मी वेगवेगळ्या धरतो.

एका टँकला नात्यातल्या माणसासाठी गोंद लावला, यावर बचाव उभा राहतो. नवी काच कापून बसवणं आणि तिचे पैसे घेणं, इथे तो लंगडा पडतो. भाग बनवला आणि तो बिलात विकला, असे दोन्ही आरोप तुमच्यावर करता येतात. आणि वीस नळ्या मागवल्यात तर बचाव म्हणण्यासारखं काही उरतच नाही. परदेशी व्यापार महासंचालनालयाने सप्टेंबर 2019 मध्येच रीफिल पॉड, ॲटोमायझर, कार्ट्रिज अशा भागांचीही आयात बंद केली आहे. त्यावर ‘लॅब ग्लास’ असं खोटं नाव लावलं की सीमाशुल्क कायदा 1962 लागतो. माल जप्त होतो, दंड बसतो, आणि मुद्दाम खोटं लिहून दिल्याबद्दल कलम 114 एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत वेगळा दंड होऊ शकतो. ती ऑर्डर देऊ नका. पैसे कोणाचेही असोत, पार्सल तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर येणार आहे.

मला खरी काळजी त्या स्टेटसची वाटते. या कायद्यात जाहिरात म्हणजे फक्त बोर्ड नाही, समाजमाध्यमावरचा मजकूरही जाहिरात आहे, आणि प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे वापराला चालना देणारी जाहिरात कलम 4 मध्येच बसते. स्टेटस चोवीस तासांत गेलं, स्क्रीनशॉट राहिला. नवं काही टाकू नका. आणि आता मुलाबरोबरचं चॅटिंग किंवा तीनशे रुपयांची यूपीआय नोंद पुसायच्या मागे लागू नका. आज जे साधं दिसतं ते पुसल्यावर पुरावा नष्ट करणं दिसेल.

शिक्षा किती? कलम 4 मोडलं तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तेच केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आपली जागा साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू देणं हा कलम 5 चा वेगळा गुन्हा आहे, त्याला सहा महिने किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन टँक म्हणजे ‘साठा’ का, यावर वाद घालता येईल. पण आरोग्य मंत्रालयाने 2023 मध्ये कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात वस्तू जवळ बाळगणं कायद्याविरुद्ध आहे अशी भूमिका घेतली आहे. कायद्याच्या मजकुरात वैयक्तिक वापराला शिक्षा सांगितलेली नाही, तरी तुमच्या दुकानात ठेवलेल्या दुसऱ्याच्या वस्तूंवर हा वाद आपण कशाला लढायचा?

दोन्ही टँक आजच दुकानातून जाऊ द्या. मुलाला दुकानात बोलवा आणि जसे दिले तसे परत द्या. कुरिअरने पाठवू नका, स्वतः त्याच्या घरी पोहोचवायला जाऊ नका, वाहतूक हा शब्दही कलमात आहे. साध्या कागदावर लिहा : दोन टँक दुरुस्त न करता, कोणताही भाग न बसवता मालकाला परत. तारीख, त्याची सही, तुमची सही. त्याचे तीनशे रुपयेही परत करा. कायद्याने मनाई असलेल्या कामाचा करार भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 23 प्रमाणे टिकत नाही, आणि ते पैसे ठेवण्यात तुमचा काही फायदा नाही. मात्र तोवर पोलिसांची नोटीस आली असेल तर टँक जागचे हलवू नका. मग ते परत देणंही लपवाछपवी ठरेल.

एक गोष्ट त्याच्या भल्याची. बंदीनंतर परदेशातून अशी वस्तू आणणं ही आयात आहे, सामानाच्या बॅगेत आणली तरी. ‘माझ्याकडून चूक झाली’ असं त्याने कोणाला लिहून देण्याआधी स्वतःचा वकील गाठावा. तुमचा आणि त्याचा वकील वेगळा असलेला बरा, कारण प्रकरण वाढलं तर तुमचे हितसंबंध एका बाजूला राहणार नाहीत.

गुन्हा दखलपात्र आहे. उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय दुकानाची झडती घेऊ शकतो. पोलीस आले तर अडवू नका. पंच हजर आहेत का आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण होतंय का ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 मध्ये हे चित्रीकरण बंधनकारक आहे. पंचनाम्याची प्रत मागा. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी त्याच संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस येते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात उगाच अटक करू नये हेच बजावलं आहे. नोटिशीला हजर राहा, वेळ पाळा, पण कबुलीजबाब लिहून देऊ नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा.

शेजाऱ्याशी भांडू नका आणि त्याला पैसे देऊन गप्प करायला तर मुळीच जाऊ नका. त्याच्याकडे एक खरा फोटो आहे. पैसे दिलेत तर काहीतरी लपवलं जातंय, अशी त्या फोटोमागे एक गोष्टही तयार होईल.

राहिले साडू. त्यांच्यासमोर बसून मुलालाच शांतपणे सांगा की तुझी वाफ तुझ्याच छातीत जाणार आहे, माझ्या गोंदासकट ती जाऊ नये म्हणून मी नाही म्हणतोय. सिगारेट सोडायला त्याने हे धरलं असेल तर त्याच्या मनाला टोचेल असं बोलू नका. 1800-11-2356 ही तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, आणि निकोटिनचं 2 मिलीग्रॅमचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. तो नंबर त्याला त्या कागदावरच लिहून द्या.

आणि नोटीस आलीच तर तिच्यावर सही करण्याआधी पोच घेतल्याची तारीख-वेळ स्वतःच्या हाताने टाका, फोटो काढा, आणि उत्तर देण्याआधी ती वकिलाला दाखवा.