ज्वारी, पाणी आणि आपलं मत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गावात ज्वारीचं रान कमी होतंय, ऊस वाढतोय. ग्रामसभेत बोलावं तर कोरम भरत नाही. भरला तरी विषय घरकुल आणि रस्त्यापुढे जात नाही. असे निर्णय लोकांना विचारून खरंच होतात का? (एक शेतकरी, मंगळवेढा तालुका)

होतात, पण विषय पोटाशी भिडणारा लागतो. अजेंड्यावर ‘शाश्वत शेती’ लिहिलंत तर कोणी फिरकणार नाही. ‘यंदाच्या पाण्यातलं प्यायला किती, जनावरांना किती आणि रानाला किती’ असा विषय ठेवा. माणसं येतील, भांडतीलही, आणि भांडण सभेत झालेलं बरं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. उसाला बंदी गावानेच घालून घेतली.

ऊस लावणाऱ्याला मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या किमान दराचा, आधार आहे, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. ज्वारीचं सगळं घरच्यांच्या अंगावर. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने काढणीला माणूस मिळत नाही. ताट बुडातून उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, मग मळणी. तळहात सोलून निघतात, आणि हे काम बहुतेक बायाच करतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती कागदावर न उरकता खरोखर भरवा आणि तिथे विचारा, ज्वारी का सोडली? कदाचित पाण्याआधी उपटणीचा विषय निघेल. मग ठराव ‘ज्वारी वाचवा’ असा मोघम होणार नाही. काढणीची सावड, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने काम, कशी बसवायची, गावात मळणी यंत्र कोणाच्या ताब्यात राहील, कडब्याचं काय करायचं, अशा गोष्टी ठरतील.

अमुक पीक घे अशी सक्ती ग्रामसभा कोणावर करू शकत नाही. पण गावाच्या विकास आराखड्यात काय घालायचं, हे तिच्याच हातात आहे. तिथे हट्ट धरा.

प्रश्न : मी बचत गटात आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतो. अन्नाचं धोरण तज्ज्ञांनी ठरवावं. आम्हा बायकांना त्यातलं काय कळतं? (एक भगिनी, सोलापूर शहर)

ताई, आपल्याच हैदराबाद रस्त्यावर जहीराबाद लागतं. त्या भागात २००१ मध्ये ‘प्रजातीर्पू’, म्हणजे जनतेचा निवाडा, नावाचा प्रयोग झाला. तेव्हाच्या आंध्र सरकारने शेतीचं मोठं स्वप्न मांडलं होतं: यांत्रिकीकरण, जनुकीय बदल केलेली बियाणी, कंत्राटी शेती. त्यावर निवाडा द्यायला बसवले ते अल्पभूधारक आणि भूमिहीन, त्यातही बाया जास्त. सरकारी अधिकारी, शास्त्रज्ञ, कंपनीची माणसं यांनी त्यांच्यापुढे येऊन आपली बाजू मांडली, आणि ह्या बायांनी त्यांना प्रश्न विचारले. निकाल त्या धोरणाच्या विरोधात गेला. माणसांच्या हातचं काम जाईल, बी-बियाणं आपल्या ताब्यात राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तज्ज्ञ तिथे होतेच, फक्त निवाडा करणारे दुसरे होते. मला हीच मांडणी योग्य वाटते. मात्र तो निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता, आणि अशा प्रयोगांची ही मोठी उणीव आहे.

तुम्ही रोज पीठ घेता. कुठल्या ज्वारीची भाकरी तव्यावर चिरते, दर वाढला की गिऱ्हाईक कुठे थांबतं, हे धोरण लिहिणाऱ्याला तुमच्याकडूनच कळणार.

प्रश्न : शाळेतल्या आहारात भाताबरोबर ज्वारीही मिळावी. मागायचं कोणाकडे? (एक पालक, बार्शी)

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. योजनेचं धान्य समिती बदलू शकत नाही. पण ठराव करून वर पाठवू शकते, आणि दहा शाळांचे ठराव गेले तर ते फाइलीत दबत नाहीत. त्याआधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोला. दोनशे मुलांच्या भाकऱ्या रोज थापणं त्यांना झेपणार नाही. बचत गटाची कडक भाकरी आठवड्यातून एकदा चालेल का, हे त्यांनाच विचारा. ती टिकते, आमटीत कुस्करून मुलं खातातही.

प्रश्न : चर्चेला बोलावतात, चहा देतात, सह्या घेतात. पुढे काय झालं ते कळत नाही. जावं का? (एक भाजीविक्रेते, सोलापूर)

जावं, पण सही करण्याआधी विचारावं की निर्णय अजून व्हायचा आहे का, तो घेणार कोण आणि आमचं म्हणणं नाकारलं तर कारण लेखी मिळेल का. निर्णय झालेला असेल तर ती चर्चा नाही, नुसती माहिती आहे, आणि सहीच्या कागदावर तसं स्पष्ट लिहून घ्या. तुम्हा विक्रेत्यांना तर कायद्याचा आधार आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. भाजीचा गाडा कुठे लागणार आणि कुठे नाही, हा विषय त्या समितीपुढे यायला हवा. तुमचा प्रतिनिधी कोण आहे आणि गेल्या बैठकीचं इतिवृत्त कुठे मिळेल, ते महापालिकेत जाऊन विचारा.