थिन क्लायंट लॅब: आधी हिशेब, मग डेस्कटॉप

महाविद्यालयांच्या लॅबमध्ये थिन क्लायंट (मध्यवर्ती सर्व्हरच्या आधाराने चालणारे संगणक) आणि उबुंटू, डेबियनसारख्या मुक्त लिनक्स प्रणाली बसवण्याबद्दल तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यांची ही एकत्र उत्तरे.

उबुंटू घ्यावी की डेबियन?

तुमच्या लॅब असिस्टंटला जी सांभाळता येते ती. त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आमचे जुने संगणक ३२ बिटचे आहेत. डेबियन १३ बसेल का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

मुलांना ग्नोम आवडतं. तेच ठेवलं तर?

ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपची मदार ग्राफिक कार्डावर असते. सर्व्हरवर चालणाऱ्या सत्राला बहुधा ते कार्ड मिळत नाही, मग साधी खिडकी सरकवली तरी भार प्रोसेसरवर पडतो. एक्सएफसीई किंवा माटे हे हलके डेस्कटॉप घ्या आणि खिडक्यांच्या सावल्या बंद करा.

विक्रेत्याचा डेमो झकास झाला. १६ जीबी रॅमच्या सर्व्हरवर ४० जागा चालतील म्हणतो. ऑर्डर देऊ का?

देऊ नका. डेमोत क्लायंट एकच होता ना? एका क्लायंटवर काहीही पळतं.

आधी हिशेब करा. एक्सएफसीईचं सत्र आणि ब्राउझरचे चार टॅब, एवढ्याला मी माणशी दीड जीबी धरतो. ४० जणांचे ६० जीबी झाले. आता व्हिडिओ. १९२० बाय १०८० ठिपके, प्रत्येकी तीन बाइट, सेकंदाला ३० चित्रं: न आवळता एका स्क्रीनला सुमारे दीड गिगाबिट लागतात. रिमोट डेस्कटॉप ते आवळून पाठवतो, पण आवळण्याची मेहनत सर्व्हरचीच, तीही चाळीस वेळा.

त्याहून मोठा घोळ शब्दाचा आहे. ‘थिन क्लायंट’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतात, डब्बा फक्त चित्र दाखवतो. दुसरीत क्लायंट नेटवर्कवरून इमेज (तयार प्रणालीची प्रत) घेऊन सुरू होतो, पण प्रोग्रॅम त्याच्याच रॅममध्ये चालतात. नेटवर्कवरून संगणक सुरू करणारा एलटीएसपी हा मुक्त प्रकल्प १९९९ पासूनचा; तो २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि मुख्यतः या दुसऱ्या पद्धतीचा. चार जीबीचे ६४ बिट संगणक असतील तर माझा कौल त्यालाच. म्हणून विक्रेत्याकडून लेखी घ्या: ब्राउझर नेमका कुठे चालणार?

एका महाविद्यालयात अकरा वाजताच्या बॅचने लॉगिन केलं की पुढची अख्खी रांग गोठायची. नवा सर्व्हर घ्या, असा सल्ला मिळाला होता. मी कपाटावरचा नेटवर्क स्विच खाली काढला, धूळ पुसली, तर तो १०० मेगाबिटचा, म्हणजे संथ, निघाला. स्विच बदलला, लॅब चालू लागली. पैसे देण्याआधी पूर्ण बॅच बसवा, सगळ्यांना एकाच मिनिटाला लॉगिन करायला लावा, आणि नेटवर्क सांभाळणारा माणूस शेजारी उभा असू द्या.

राउटर आधीच आयपी पत्ते वाटतो. एलटीएसपीमुळे गोंधळ होईल?

सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने लावला तर नाही; मग पत्ते राउटरच वाटतो, डीएनएसमास्क फक्त सुरू व्हायची माहिती देतो. मात्र संगणक केंद्राला आधी कळवा.

कार्यालयातल्या कृतिदेवच्या फाइली उघडतील का?

फॉन्ट असेल तर दिसतील. पण तो मजकूर युनिकोड नाही; शोधायला गेलात तर सापडणार नाही. रूपांतर करून घ्या आणि प्रत्येक पान नजरेखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. परीक्षा विभागाला विचारल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.

विंडोज १० अजून चालतंय. पुढच्या वर्षी बदललं तर?

त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदत घेतली नसेल तर सुरक्षा दुरुस्त्याही तेव्हाच थांबल्या. ‘अजून चालतंय’ हे कारण मला पटत नाही. कुलूप मोडलेलं दारही उघडतं-लागतं. निविदा आणि खरेदी समितीतच महिने जातात. या आठवड्यात संगणक केंद्राशी बोला, आणि गुण भरायचे संगणक तोवर इंटरनेटपासून तोडा.