अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राजवळ

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो विचारण्याआधीचा त्यांचा संकोच मला आता ओळखू येतो. घरात दीर्घ आजारपण असते, कोणी अकाली गेलेले असते किंवा हातचे काम सुटलेले असते, ती सगळी हकिकत सांगून झाल्यावर, निघता निघता, आवाज खाली आणून माणूस विचारतो, "माझाच विश्वास कमी पडतोय का?" मूळ दुःखाबद्दल बोलताना न रडलेली माणसे या प्रश्नापाशी येऊन रडतात. संकटाच्या ओझ्यावर अपराधीपणाचे हे दुसरे ओझे चढलेले असते आणि ते पुष्कळदा पहिल्याहून जड असते.

पुढची हकिकत अशाच एका बाईंची आहे. ती त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाईंचे वय पन्नाशीच्या पुढचे. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका येऊन चौदा महिने झाले होते. शरीराची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा जवळजवळ गेली होती. त्यांना उठवणे, अंघोळ घालणे, भरवणे, व्यायाम करून घेणे हे सारे बाईंकडेच होते. बावीस वर्षे त्यांनी मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवले होते. आता रविवारी उपासनेनंतर कोणी विचारपूस केली की "प्रभूची दया आहे" एवढेच हसून म्हणत त्या पुढे सरत. प्रत्यक्षात सात-आठ महिन्यांपासून त्यांना प्रार्थना करता येत नव्हती. डोळे मिटले की शब्द सुचत नव्हते, पवित्र शास्त्र उघडले की ओळी नुसत्या डोळ्यांखालून जात होत्या. त्यात भर म्हणून, भेटायला आलेल्या एका विश्वासणाऱ्या व्यक्तीने त्यांना सुचवले होते की, घरात कुठले तरी कबूल न केलेले पाप असल्याखेरीज इतक्या प्रार्थना व्यर्थ जाणार नाहीत. त्या रात्री बाईंनी लग्नापासूनचे एकेक वर्ष आठवून तपासले होते.

पहिल्या भेटीत मी ऐकून घेतले. दुसऱ्या भेटीत मात्र माझ्या हातून चूक झाली. त्यांचे रडणे मला सहन झाले नसावे. मी येशूचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रातल्या 8व्या अध्यायाचे 28वे वचन काढले, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे. बाईंनी मान डोलावली, रुमालाची घडी करून तो पिशवीत ठेवला आणि "प्रभूची दया आहे" असे म्हणाल्या. मंडळीतल्या लोकांना ठेवणीतले जे उत्तर त्या देत असत, तेच त्यांनी मला दिले होते. वचन खोटे नव्हते. पण पौल त्या वचनापर्यंत येतो तो कण्हण्याच्या वाटेने: आधी सृष्टीचे कण्हणे, मग आपले स्वतःचे, आणि मग ज्याला शब्द नाहीत असे आत्म्याचे कण्हणे. ती सगळी वाट गाळून मी बाईंना थेट मुक्कामावर नेऊन बसवू पाहत होते. तिसऱ्या भेटीच्या सुरुवातीलाच मी त्यांची क्षमा मागितली, आणि मला वाटते, आमचे काम खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाले.

आधी पापाच्या त्या आरोपाकडे वळावे लागले, कारण तो काटा निघाल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. पवित्र शास्त्रातला ईयोब हा निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेला माणूस. त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. (शास्त्रातले सर्वांत चांगले समुपदेशन मला त्या सात दिवसांतच दिसते, तोंड उघडल्यावर त्यांनी ते बिघडवले.) त्यांचे पुढचे सारे बोलणे एकाच सूत्रावर उभे आहे: दुःख आले त्या अर्थी दोष असलाच पाहिजे. शेवटच्या अध्यायात परमेश्वर त्यांच्यावर रागावतो आणि सांगतो की, माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ज्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि देवालाच जाब विचारला तो यथार्थ बोलणारा ठरला, आणि देवाची कड घेणारे चुकीचे ठरले. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो.

"हे सगळं मी शिकवलंय," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ थांबून त्यांनी जे सांगितले ते मी त्याच संध्याकाळी टिपून ठेवले: "दानीएलाची गोष्ट मी किती वर्षं सांगितली, मॅडम. सिंहांची तोंडं बंद झाली, हे सांगितलं. ज्यांच्या वेळी ती बंद झाली नाहीत, त्यांच्याबद्दल मुलांना मी कधीच काही बोलले नाही." (दानीएल म्हणजे सिंहांच्या गुहेत टाकला जाऊनही वाचलेला संदेष्टा.)

त्यांच्या या वाक्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, शास्त्रात होते. इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्याय विश्वासवीरांचा अध्याय म्हणून ओळखला जातो. त्यात 33व्या वचनापासून सिंहांची तोंडे बंद करणारे, अग्नीची शक्ती नाहीशी करणारे, तलवारीच्या धारेपासून वाचलेले यांची यादी येते. 35व्या वचनाच्या मध्यावर, नवा परिच्छेदही न करता, ती यादी उलटते: काहींचे हाल झाले, काहींना बेड्या पडल्या, काहींना दगडमार झाला, काहींना करवतीने चिरले. आणि 39वे वचन दोन्ही प्रकारच्या माणसांबद्दल एकत्रच म्हणते की, या सर्वांना त्यांच्या विश्वासाबद्दल साक्ष मिळाली. जे सुटले त्यांचा विश्वास मोठा आणि जे सुटले नाहीत त्यांचा लहान, अशी विभागणी तेथे नाही. शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली होती. त्याला कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले, काटा निघाला असे कोठेही लिहिलेले नाही. बाईंनी ती पाच-सहा वचने मोठ्याने वाचली. परिणाम तत्काळ झाला असे मी म्हणणार नाही, परंतु पापाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

प्रार्थनेचा प्रश्न अधिक अवघड होता. बाईंच्या मनात प्रार्थनेचा एक ठरलेला साचा होता, आधी स्तुती, मग आभार, मग विनंती. आणि स्तुतीचा शब्द मनापासून निघत नसल्यामुळे पुढची सगळीच वाट बंद झाली होती. मी त्यांना 88वे स्तोत्र वाचायला दिले. स्तोत्रसंहिता या पवित्र शास्त्रातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, पण त्यांतली बहुतेक शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. सहा वचनांचे 13वे स्तोत्रही "कोठवर" असे देवाला चार वेळा विचारून अखेरीस गाण्याकडे येते. 88वे तसे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द "अंधार" हा आहे.

"हे असं अर्धवटच संपतं?" बाईंनी विचारले. मी होय म्हणाले आणि त्यांना स्तोत्राचा मथळा दाखवला: ते मुख्य गवयाकडे सोपवलेले आहे, म्हणजे उपासनेत गाण्यासाठी आहे. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांना त्याच्या शेवटी एखादी समाधानाची ओळ जोडाविशी वाटली नाही. आणि तरीही त्या स्तोत्राची सुरुवात "हे परमेश्वरा" अशी आहे. माझे सांगणे एवढेच होते की, देवाबद्दल तक्रार करणे आणि देवाकडे तक्रार करणे यांत फार अंतर आहे. पहिल्यात पाठ फिरलेली असते; दुसऱ्यात माणूस रागाने का होईना, समोर उभा असतो. वधस्तंभावर येशूने उच्चारलेले "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे शब्दही 22व्या स्तोत्रातले, विलापाचेच आहेत.

मी बाईंना एक साधी वही करायला सांगितली. रोज रात्री दहा मिनिटे तीत लिहायचे, पण "देव असे का करतो" असे न लिहिता "तू असे का करतोस" असे लिहायचे. वाक्य कितीही कडू असले तरी ते त्याला उद्देशून असले पाहिजे. पहिला आठवडा त्यांनी अतिशय सभ्य वाक्ये लिहिली, जणू ती कोणीतरी तपासणार होते. नवव्या दिवशीच्या पानावर तीनच शब्द होते: "तू बघतोस ना?" त्या पानाबद्दल सांगताना त्यांचा आवाज चढला, आणि आपला आवाज चढला याचीच त्यांना भीती वाटली. मला मात्र ती, त्यांच्या घरातल्या मौनानंतरची, पहिली प्रार्थना वाटली, आणि मी तसे त्यांना सांगितले.

या सगळ्यात एक गोष्ट मी आधीच विचारायला हवी होती. बाई रात्री तीन-चार तासच झोपत होत्या आणि त्यांचे वजन बरेच उतरले होते. जगणे नकोसे वाटते का, असे मी स्पष्ट शब्दांत विचारले. झोपेतच संपावे असे वाटते, पण स्वतःहून काही करणार नाही, असे त्या म्हणाल्या. अशा वेळी मला 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातला एलीया संदेष्टा आठवतो, जो रानातल्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" असे म्हणतो. देवदूत त्याला विश्वासाचा उपदेश करत नाही. तो त्याला दोन वेळा उठवून भाकर आणि पाणी देतो, मध्ये झोपू देतो, आणि वाट तुला झेपणारी नाही हे मान्य करतो. मी बाईंना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तपासणीनंतर नैराश्यावरची औषधे सुरू झाली.

"गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास नाही का?" त्यांनी विचारले. यजमानांना रोज रक्तदाबाची गोळी कोण देते, असे मी उलट विचारले, तेव्हा त्या माझ्यासमोर पहिल्यांदाच हसल्या. येथे वाचकांसाठी थोडे थांबून सांगते: प्रार्थनेतला कोरडेपणा आणि नैराश्याचा आजार हे बाहेरून सारखे दिसू शकतात आणि एकत्रही असू शकतात, झोप, भूक, कामातली शक्ती यांवर काही आठवडे परिणाम दिसत असेल, तर डॉक्टरांना भेटावे, आणि जीव देण्याचा विचार येत असेल तर तो त्याच दिवशी कोणाला तरी सांगावा.

कोरडेपणा मात्र औषधाने जातोच असे नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा देवाचे सान्निध्य जाणवत नसल्याची व्यथा त्यांनी कितीतरी दशके सोसल्याचे जगाला कळले. हे उदाहरण मी बाईंना दिले नाही. दमलेल्या माणसापुढे थोर माणूस उभा केला की, त्याला आधार वाटण्याऐवजी आपण आणखीच लहान वाटतो, असा माझा अनुभव आहे.

त्यापेक्षा मार्काच्या शुभवर्तमानाच्या 2ऱ्या अध्यायातला पक्षाघाती त्यांना जवळचा वाटला, त्याचे कारण उघड आहे. त्याला चौघे उचलून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशू "त्यांचा विश्वास पाहून" बोलतो. खाटेवरच्या माणसाने स्वतः काही म्हटल्याची नोंद नाही. बाई इतकी वर्षे खाट उचलणाऱ्यांत होत्या. आता आपणच खाटेवर आहोत हे कबूल करणे त्यांना जड गेले. त्यांच्या परवानगीने मी पाळकसाहेबांशी बोलले. मंडळीतल्या तिघींनी आठवड्यातून दोन दुपारी यजमानांजवळ बसायचे ठरवले, म्हणजे तेवढा वेळ बाईंना झोपता येईल. अट एकच होती, सल्ला द्यायचा नाही. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी सांगितले, "तुला प्रार्थना येत नाही तोवर तुझी मी करते. तुला आमेन म्हणावंसं वाटलं तर म्हण, नाहीतर राहू दे." बाई पाच आठवडे आमेन म्हणाल्या नाहीत, आणि कोणी त्यांना त्याबद्दल विचारले नाही.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. यजमानांची उजवी बाजू तशीच आहे. बाई रविवारी विचारपूस करणाऱ्यांना "अवघड चाललंय, प्रार्थना करा" असे सांगतात, आणि काही लोक त्यामुळे गोंधळतात असेही त्यांनी सांगितले. वही चालू आहे. मध्यंतरी एका दुपारी, घरी आलेल्या त्या वयस्कर बाई काम करता करता एक जुने भक्तिगीत गुणगुणत होत्या, तेव्हा ज्यांना साधे पाणी मागता येत नाही त्या यजमानांनी त्या गीताच्या दोन ओळी शब्दांसकट म्हटल्या. वाचा गेलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत असे होते, बोलता न येणारे शब्द सुरात येतात, असे त्यांच्या डॉक्टरांनी नंतर समजावले. बाईंनीही त्याला चमत्कार म्हटले नाही. तिसऱ्या ओळीला ते अडले. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून रडायला लागले, आणि बाईंना देवाचा भयंकर राग आला की, द्यायचेच होते तर दोनच ओळी का दिल्या. त्या रात्रीचे पान त्यांनी मला वाचून दाखवले. ते येथे देण्यासारखे नाही.

"मग त्या दुपारी पुढे काय केलंत?" मी विचारले.

"काय करणार, मॅडम," त्या म्हणाल्या. "उरलेल्या ओळी मी म्हटल्या. ते हात धरून ऐकत होते."