रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंच

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मी काय नाटक करतोय का?"

समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य थोड्याफार फरकाने सारखं ऐकू येतं. कधी शिक्षिका म्हणते, कधी कॉलेजातला मुलगा, कधी सासरच्यांच्या टोमण्यांनी जेरीस आलेली सून. पोट महिनोन्‌महिने दुखत असतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात मनावर घेऊ नकोस, आणि रात्री एकट्याला वाटत राहतं की काहीतरी मोठं राहून गेलंय. ज्यांचं उदाहरण देते आहे त्यांना दादा म्हणू. चाळिशीतले, एसटीत वाहक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि दोन-तीन जणांच्या बैठका एकात गुंफल्या आहेत.

दादा आले ते कापडाच्या दुकानाची जाड पिशवी छातीशी धरून. आत तीन सोनोग्राफ्या, दोन एंडोस्कोप्या, एक कोलोनोस्कोपी, एक सीटी स्कॅन आणि पाच-सहा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मधल्या काळात बेंबी सरकली म्हणून ती बसवूनही झाली होती.

"यातले तुमचे डॉक्टर कोणते?"

"सगळेच."

"म्हणजे कुणीच नाही."

ते कसंनुसं हसले. पण खरी अडचण तिथेच होती. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो, आधीचं काय तपासलंय ते पिशवीत तळाशी असतं, मग पुन्हा सोनोग्राफी, कधी पुन्हा सीटी स्कॅन. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण तीन-चार वर्षांत निसर्गातून मिळेल तेवढा किरणोत्सार अंगावर येतो. गरज असेल तर तो जरूर घ्यावा, नुसती धाकधूक घालवायला घेऊ नये. शिवाय जितक्या वेळा आत पाहाल तितक्या वेळा काहीतरी दिसणारच. दादांनी सोनोग्राफीच्या कागदावर लाल पेनाने दोन ओळी अधोरेखित केल्या होत्या: 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' आणि 'एक सेंटिमीटरहून लहान लसिका ग्रंथी'. मोबाइलवर शोधून ते थेट कॅन्सरपर्यंत पोहोचले होते. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर आपल्याकडे अशा ग्रंथी दिसल्यावर पोटाच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. यातलं काहीच नसताना त्या बहुधा निरुपद्रवी असतात. दादांचं वजन उलट दोन किलो वाढलं होतं.

पिशवी रिकामी करून एकच पान तयार करायचं, हे पहिलं काम मी सगळ्यांनाच देते. वरच्या अर्ध्यात दुखण्याची हकिगत: कधी सुरू झालं, त्याआधी काय घडलं, कुठे दुखतं, संडासला जाऊन आल्यावर फरक पडतो का, झोपेतून जाग येते का, बाई असेल तर पाळीशी काही संबंध आहे का. खालच्या अर्ध्यात तपासण्या, तारीख आणि निष्कर्ष, एका ओळीत एक. मागच्या बाजूला घेतलेली सगळी औषधं. वैदूची पुडी आणि भस्मंसुद्धा. काही भस्मांत शिसं असतं, आणि शिशाने पोटात जीवघेणी कळ येते. पण ते रक्तात मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही, आणि रुग्णाने सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या डोक्यात येत नाही.

दुखतं कसं ते दाखवायलाही मी सांगते. दादांनी तळहात पोटभर फिरवला. कुणी एका बोटाने नेमका ठिपका दाखवला, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावते. उताणं झोपून डोकं-खांदे उचलल्यावर त्या ठिपक्यावर दाबून जास्त दुखलं, तर दुखणं आतड्यात नसून पोटाच्या भिंतीतल्या एखाद्या दबलेल्या नसेचं असू शकतं. ही खूण कार्नेट नावाच्या सर्जनने 1926 मध्ये सांगितली, तिला यंत्र लागत नाही, आणि बधिरतेच्या एका इंजेक्शनने कधीकधी उत्तर मिळतं. बायकांच्या बाबतीत एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, असंच निसटतं. साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसत नाही, आणि निदानाला वर्षं जातात. गहू सोसत नाही असा संशय असेल तर रक्त तपासून होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणी खोटीच नॉर्मल येते.

हे पान घेऊन दादा एकाच पोटविकारतज्ज्ञाकडे गेले. राहिलेल्या दोन तपासण्या झाल्या: गहू न सोसणाऱ्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला खरी सूज असेल तर हे कॅलप्रोटेक्टिन सहसा वाढतं. दोन्ही ठीक. डॉक्टरांनी नाव दिलं: इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस, म्हणजे आतडं हळवं होऊन बसणं. इथे एक सांगायलाच हवं. 'काहीच सापडलं नाही म्हणून' चिकटवलेलं हे लेबल नव्हे. 2016 च्या रोम निकषांप्रमाणे, म्हणजे अशा दुखण्यांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या कसोट्यांप्रमाणे, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं, शौचाला जाणं, किती वेळा जावं लागतं आणि शौच घट्ट की पातळ, यांतल्या किमान दोन गोष्टींशी त्याचा संबंध हवा, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. दादा त्यात चपखल बसत होते.

पण नाव मिळून समाधान झालं नाही. "हे काय, सगळ्यांनाच सांगतात. खरा आजार शोधायला मुंबईला जाऊ का?"

मी विचारलं, "समजा उद्या मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरं, मोठं, भारदस्त नाव दिलं. गोळी मात्र नाही म्हणाले. परवापासून काय वेगळं कराल?"

"आधी कळू तर द्या."

"कळलं असं धरा."

बराच वेळ ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मुलीला घेऊन पंढरपूरला जायचंय. दोन वर्षं टाळतोय. गाडीत कळ आली तर काय करायचं?"

"ड्युटीवर आठ तास कुठे असता?"

"गाडीतच की..." आणि ते थांबले. मग मोठ्याने हसले, पहिल्यांदाच.

अशा क्षणासाठी मी या कामात टिकून आहे. दादांनी पोट दुखतं म्हणून काम सोडलं नव्हतं. त्यांनी सोडलं होतं ते मुलीबरोबर फिरणं, मित्रांच्या घरचं जेवण, भावाच्या गावची जत्रा. कष्टाची कामं कळ सोसून चालू होती, आनंदाची तेवढी निदानावर अडून बसली होती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं हेच असतं. दुखण्यामागे भयंकर काही आहे का, हा एक प्रश्न. दुखणं असताना जगायचं कसं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं कुणीतरी बजावल्यासारखे लोक वागतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, हा माझा अनुभव आहे आणि थोडा हट्टही.

मग दुखणं खरं कसं, हे समजावणं सोपं गेलं. दादांचं सगळं सुरू झालं होतं लग्नातल्या जेवणानंतर आठवडाभर झालेल्या जुलाबांनी. आतड्याच्या अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला त्रास मागे राहतो. जंतू जातात, पण आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात. चोर पळून गेल्यावरही कुत्रं पानाच्या सळसळीवर भुंकत राहावं तसं. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत यांतल्या अनेकांना इतरांपेक्षा कमी ताणालाच दुखलं. स्कॅनमध्ये आकार दिसतो, हळवेपणा दिसत नाही.

पुढची अडचण गोळीची आली. डॉक्टरांनी रात्री 10 मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन दिली होती. मेडिकलवाल्याने "ही डिप्रेशनची" म्हटल्यावर दादांनी पट्टी फ्रिजवर टाकून दिली. डिप्रेशनला ती याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. इतक्या कमी मात्रेत ती आतडं आणि मेंदू यांच्यातला वेदनेचा निरोप मंदावते. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत (2023) 10 ते 30 मिलिग्रॅमने आयबीएसच्या रुग्णांना साखरेच्या गोळीपेक्षा स्पष्ट जास्त आराम पडला. गुण यायला काही आठवडे लागतात आणि तोंड कोरडं पडणं, सुस्ती, बद्धकोष्ठ हे आधी येतं; बहुतेक जण नेमकी तेव्हाच सोडतात. हृदयाचा, काचबिंदूचा, प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. दादांची पहाटेची ड्युटी असायची, म्हणून गोळी झोपताना न घेता रात्री आठला घ्यायचं डॉक्टरांशी बोलून ठरलं. नुसतं पोटाला आराम म्हणून ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं महिनोन्‌महिने घेणं मात्र वाईट. त्यांनीच आतडं मंदावतं आणि दुखणं वाढू शकतं.

रोजच्या गोष्टी साध्याच होत्या. वाटेत संडास मिळणार नाही म्हणून दादा सकाळी उपाशी निघायचे, पाणी टाळायचे आणि दुपारी अडीचला एकदम भरपेट जेवायचे. आता निघण्याआधी थोडं खाणं, स्टँडवर प्रत्येक थांब्याला चार घोट पाणी. इसबगोल एका चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाच्या कोंड्याने अनेकांना उलट गॅस होतो. कांदा-लसूण चार आठवडे बंद करून पाहिला, मग एकेक परत आणला. लसूण सोसला, कच्चा कांदा नाही सोसला. सगळं कायमचं बंद करून वरण-भातावर राहणारी माणसं मी पाहिली आहेत. वाळतात आणि दुखणं तसंच राहतं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पोटाने श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, हात बेंबीवर. कळ आल्यावर पहिल्यांदा करून उपयोग नाही, बरं असताना सवय लावावी लागते.

घरात वहिनी दर तासाला "आता कसंय?" विचारायच्या. प्रेमानेच. पण विचारलं की लक्ष पोटाकडे जायचं. रात्री नऊला एकदाच विचारायचं, असं दोघांत ठरलं.

आणि शोध पुन्हा कधी उघडायचा, ते डॉक्टरांनी पानाच्या तळाशी लिहून दिलं: कारण नसताना वजन घटणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, दुखण्याने झोपमोड, ताप, कावीळ, सतत उलट्या, हिमोग्लोबिन घसरणं, गिळायला त्रास. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दुखायला लागलं किंवा घरात आतड्याचा, अंडाशयाचा कॅन्सर असेल तर थांबायचंच नाही. अचानक असह्य कळ आणि पोट लाकडासारखं घट्ट, तर थेट इस्पितळ.

दादा पंढरपूरला जाऊन आले. दुखणं गेलेलं नाही, कमी झालंय. मध्यंतरी चार दिवस जोराची कळ होती, तेव्हा फोन आला, "सोनोग्राफी करून घेऊ का एक?" मी म्हटलं, पान काढा, यादी वाचा. त्यांनी फोनवर एकेक खूण वाचली आणि प्रत्येकीपुढे "नाही" म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "बरं, मग डॉक्टरांना सोमवारीच दाखवतो," आणि गाडी लागली म्हणून फोन ठेवला.