बंद झालेल्या मॉडेलचा महागडा अँप्लिफायर मराठवाड्यात दुरुस्त होतो का?

होतो. माझा झालाय, तोही दुसऱ्या फेरीत.

तुम्ही लिहिलंय की सेट वीस वर्षांचा आहे, एक बाजू वाजत नाही आणि सर्व्हिस सेंटरने 'मॉडेल बंद, पार्ट नाही' म्हणून परत पाठवला. माझं अगदी तेच झालं होतं. मामांनी मस्कतहून आणलेला जपानी सेट, आम्ही परभणीत. उजवी बाजू आधी खरखरायची, मग एक दिवस चालू केल्यावर रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, 'टक' आवाज येईनाच. हा टक येत नसेल तर बहुतेक वेळा आउटपुटला डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) आलेला असतो आणि बचावाच्या सर्किटने, म्हणजे प्रोटेक्शनने, स्पीकर तोडून ठेवलेले असतात. 'रिले बायपास करून देतो' असं कुणी म्हणालं तर सेट उचला आणि निघा. स्पीकरची कॉइल जळते.

पहिल्या मेकॅनिकने स्पीकर वाजवणाऱ्या ट्रान्झिस्टरची जळालेली जोडी बदलली, सँकेन या जपानी कंपनीची, नंबर २९२२ आणि १२१६. सेट पंधरा दिवस वाजला आणि पुन्हा गेला. हे नंबर जुने, बाजारात नवे कोरे म्हणून मिळतात ते बहुतेक नकली. जळालेला एक आम्ही पक्कडीने फोडून पाहिला, तर एवढ्या मोठ्या अंगात आतली चिप तांदळाच्या कणीएवढी!

मग सेट गोधडीत गुंडाळून एसटीने नांदेडला नेला. तिथला माणूस लग्नाच्या डीजेचे अँप्लिफायर दुरुस्त करणारा. आपल्याकडे हे लोक आउटपुट स्टेज, म्हणजे स्पीकर वाजवणारा शेवटचा भाग, कोळून प्यालेत, त्यांना कमी लेखू नका. फक्त घाईत असतात, म्हणून लग्नसराईत जाऊ नका. तो म्हणाला, "काय जळलं ते सगळ्यालाच दिसायलंय. का जळलं ते बघू." आधी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटच्या वायरीच्या मध्येच, लावून सेट चालू केला. बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. आमचा लख्ख पेटला. तुमच्या मेकॅनिककडे असा बल्ब लावलेला सिरीज बोर्ड नसेल, तर माझ्या मते तिथे सेट ठेवूच नका.

खरा आजार निघाला बायसच्या प्रीसेटमध्ये. गाणं चालू नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, तो हा हरभऱ्याएवढा पार्ट ठरवतो. वर्षानुवर्षं धूळ आणि गंज बसून त्याचा सरकता संपर्क सुटला होता. आमच्या सर्किटमध्ये असं झालं की करंट एकदम चढतो. म्हणजे पहिल्यांदा अस्सल ट्रान्झिस्टर घातले असते तरी तेही जळालेच असते. वीस रुपयांच्या प्रीसेटने हजारोंचा सेट बंद पाडला.

सँकेनऐवजी त्याने तोशिबाची ५२००-१९४३ ची जोडी घातली, दोन्ही बाजूंना. डीजेवाल्यांची रोजचीच. नकली याचेही ढिगाने आहेत, म्हणून मी एलिमेंट१४ या पार्ट विकणाऱ्या साइटवरून बिलासह मागवले. हीटसिंकला नवी भोकं पाडली, अभ्रकाच्या चकत्या बदलल्या. मूळ ट्रान्झिस्टर २०० वॅटचा, हा १५० चा, म्हणून जास्त करंट खेचणारे चार ओहमचे स्पीकर लावायचे नाहीत अशी ताकीद मिळाली. बायस मात्र अंदाजाने लावला नाही: सेट गरम होऊ दिला आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले मिलिव्होल्ट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या इमिटर रेझिस्टरवर मोजून लावले. मॅन्युअल मीच नेटवरून उतरवून, छापून नेलं होतं. तुम्हीही न्या. सर्किट समोर असलं की चांगला मेकॅनिक खुलतो.

मोठे कंडेन्सर त्याने मोजले आणि तसेच ठेवले. 'सगळे कंडेन्सर बदला' हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल, पण आधी मोजायला सांगा.

तुमच्या सेटच्या मागे व्होल्टेज काय लिहिलंय? १०० असेल तर तो खास जपानसाठी बनलेला आहे, व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका. आणि स्पीकर किती ओहमचे आहेत तेही कळवा, मग ट्रान्झिस्टरचं बोलू.